स्क्रीन काळी पडली म्हणजे कॉम्प्युटर मेला असं नाही

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा. विषय कॉम्प्युटरचा दिसेल, पण आहे तो आपल्या शाळांचा.

कसारा लोकलने खर्डी सुटलं की उंबरमाळी येतं. गाडी क्षणभर थांबते, चार माणसं उतरतात, दोन चढतात. बाहेरच्या जगाला हे नाव कळलं ते २२ जुलै २०२१ ला, पावसाचं पाणी फलाटापर्यंत चढलं तेव्हा. एरवी आपल्या पट्ट्याची बातमी होते ती उन्हाळ्यात, टँकरची. तानसा, वैतरणा, भातसा आपल्याकडे आणि नळ मुंबईत, हे आपल्याला आता पाठ झालंय.

कॉम्प्युटरचं मात्र उलटं आहे. मुंबई-ठाण्याच्या ऑफिसांत वापरून झाले की ते आपल्याकडे येतात. कधी सीएसआरमधून, कधी कुणाच्या ओळखीने. त्यात वाईट काहीच नाही. ऑफिसात सात-आठ वर्षं चाललेलं यंत्र लिनक्स टाकलं तर शाळेत आणखी पाच वर्षं आरामात चालतं. आणि ही आवक आता वाढणार आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो जुन्या यंत्रांत नाही. म्हणजे कंपन्या धडधाकट यंत्रं बाहेर काढणार, आणि त्यातली काही फीत लावून आपल्या शाळांत पोचणार.

प्रश्न पुढचा आहे. फीत कापून झाली, फोटो निघाले, वर्तमानपत्रात नाव आलं. चार महिन्यांनी आठातली तीन यंत्रं कोपऱ्यात, वर चादर. विचारलं तर उत्तर एकच, "ती डेड आहेत."

माझं म्हणणं असं, की यातली बरीच डेड नसतात. ती चालू असतात, फक्त स्क्रीनवर चित्र येत नसतं. हा फरक कुणी तपासत नाही म्हणून चांगलं यंत्र भंगारात जातं.

मी कल्याणला हार्डवेअरचं काम करतो, रोजचं अपडाऊन. रविवारी आपल्या भागातल्या शाळेतून किंवा ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं तर जातो. गेल्या दिवाळीच्या सुमारास असंच एका शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नाही आणि ही गोष्ट त्यांच्या एकट्याचीही नाही. देणगीत आलेली आठ यंत्रं, पाच चालू, तीन "डेड". मुख्याध्यापक सरांनी डेडस्टॉक रजिस्टर काढून ठेवलेलं. तिन्ही यंत्रांचं निर्लेखन करायचा प्रस्ताव तयार होत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, निर्लेखन म्हणजे वस्तू निकामी झाली असं ठरवून ती रजिस्टरमधून रीतसर कमी करणं.

पहिलं यंत्र चालू केलं. कंपनीचं चिन्ह आलं, लिनक्सचं चिन्ह आलं, मग काळोख. वर डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. शाळेतले मामा म्हणाले, "दादा, ह्याच्यात काय जीव नाय राह्यला. आम्ही धा येळा चालू-बंद करून बघितला."

मी कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं. दिवा लागला. परत दाबलं, दिवा गेला.

हे ज्याला जमेल त्याने लक्षात ठेवा. स्क्रीन काळी असताना नम लॉकचा दिवा दाबला की लागतो-विझतो, म्हणजे आतली यंत्रणा जागी आहे. मग मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि यंत्राने युजरचं नाव विचारलं. मामा म्हणाले, "आयला, बोलतंय की!"

बोलत होतंच. नेमकं अडलं कुठे होतं, ते आता सोप्या शब्दांत सांगतो.

लिनक्समध्ये यंत्र सुरू होणं आणि स्क्रीनवर खिडक्या, चित्रं, माऊसचा बाण दिसणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. चित्र काढायचं काम एक वेगळा प्रोग्रॅम करतो. त्याचं नाव एक्स. १९८४ ला अमेरिकेतल्या एमआयटीत तो जन्मला. आता वेलँड नावाची नवी पद्धतही आली आहे, पण जुन्या यंत्रांवर बहुतेक वेळा एक्सच असतो. तो सुरू होताना तीन गोष्टी विचारतो. चित्राचं कार्ड कोणतं? ते चालवणारा ड्रायव्हर कोणता? आणि मॉनिटर कुठे जोडलाय? तिन्हींची उत्तरं जुळली तर चित्र येतं. न जुळली तर तो गप्प मागे फिरतो आणि आपण काळोखाकडे बघत बसतो.

पूर्वी ही उत्तरं हाताने एका फाइलीत लिहून द्यावी लागायची. मॉनिटरची फ्रिक्वेन्सीसुद्धा. चुकीचा आकडा पडला तर जुन्या काचेच्या मॉनिटरला इजा व्हायची भीती असायची. आता एक्स स्वतःच शोधतो, आणि बहुतेक वेळा बरोबर शोधतो. घोळ होतो तो दोन प्रसंगी. एका जागेवर दोघांनी हक्क सांगितला तर, किंवा जुना कागद आणि आजची वस्तुस्थिती वेगळी असली तर.

आपल्याकडे जमिनीचे वाद बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर एकाचं नाव, ताबा दुसऱ्याचा, आणि कागद आजोबांच्या काळातला. कॉम्प्युटरमध्येही प्रत्येक कार्डाला पत्ता असतो आणि नंबर असतो. इंटेलच्या वस्तूंचा नंबर ८०८६ ने सुरू होतो, कारण त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा तोच नंबर होता. नियम एवढाच की एका वेळी एका कार्डाचा ताबा एकाच ड्रायव्हरकडे. जो आधी बसला त्याचा ताबा. दुसऱ्याने दार ठोठावलं तर त्याला बाहेरच उभं राहावं लागतं.

आता त्या तीन यंत्रांकडे येतो. तिघांचं लक्षण एकच, काळी स्क्रीन. कारणं मात्र तीन निघाली.

पहिल्या यंत्रात जुना कागद होता. देणगी देणाऱ्यांच्या माणसाने एक यंत्र नीट तयार केलं आणि त्याच्या हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल बाकीच्यांवर टाकली. सगळेच असं करतात. वेळ वाचतो, त्यात गैर नाही. पण मूळ यंत्रात चित्राच्या कार्डाचा पत्ता एका फाइलीत पक्का लिहिलेला होता. पाच यंत्रं त्याच बनावटीची होती, त्यांना तो पत्ता लागू पडला. हे यंत्र दुसऱ्या बनावटीचं. त्याचं चित्राचं कार्ड दुसऱ्याच पत्त्यावर. एक्स बिचारा लिहिलेल्या पत्त्यावर गेला, तिथे कुणीच नाही, परत आला. आपल्या नोंदवहीत लिहून ठेवलं, "नो स्क्रीन्स फाउंड." म्हणजे पडदाच सापडला नाही.

उपाय काय केला? ती फाइल पुसली नाही, फक्त तिचं नाव बदललं. म्हणजे एक्सला ती दिसेना, आणि त्याने स्वतः शोधायला सुरुवात केली. यंत्र परत चालू केलं. अर्ध्या मिनिटात रंगीत पडदा आला. खर्च शून्य.

दुसऱ्या यंत्रात दोन ड्रायव्हरांचं भांडण होतं. त्यात ऑफिसातल्या कुणीतरी जादा ग्राफिक कार्ड बसवलेलं. अशा कार्डांना बऱ्याचदा दोन ड्रायव्हर मिळतात. उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एक कंपनीचा स्वतःचा, आणि दुसरा नूव्हो नावाचा, बाहेरच्या लोकांनी मिळून तयार केलेला, २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेला. कंपनीचा ड्रायव्हर बसवताना नूव्होचं नाव बंदीच्या यादीत टाकतात, नाहीतर आधी तोच ताबा घेतो. इथपर्यंत ठीक. पण कंपनीचा ड्रायव्हर लिनक्सच्या ज्या गाभ्यासाठी तयार केलेला असतो, त्याच गाभ्यावर चालतो. पुढे कधी इंटरनेट मिळालं, अपडेट झालं, गाभा नवा आला. नव्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर परत तयार व्हायला हवा होता, तो झालाच नाही. आता कंपनीचा उभा राहू शकत नाही आणि नूव्होला बंदी. कार्ड आहे, वीज आहे, मॉनिटर आहे, पण चालवणारा कुणीच नाही. ग्रामपंचायतीत दोन गटांच्या भांडणात ठराव अडकतो आणि नळाला पाणी येत नाही, अगदी तसं.

इथे मी कंपनीचा ड्रायव्हर काढला, बंदी उठवली, त्या ड्रायव्हरने लिहून ठेवलेली फाइल बाजूला केली आणि सुरुवातीला जी छोटी यंत्रणा मेमरीत चढते ती नव्याने बांधून घेतली. हे शेवटचं विसरलं तर बंदी उठवूनही उठत नाही, कारण जुनी यादी तिथेच चिकटलेली असते. शाळेतल्या मुलांना गेम खेळायचे नाहीत, चित्र काढायचंय आणि टायपिंग शिकायचंय. त्याला नूव्हो भरपूर झाला. खर्च इथेही शून्य.

तिसरं यंत्र मजेशीर होतं. सर म्हणाले, "हे कधी चालतं, कधी नाही. सोमवारी हमखास नाही." सुरुवातीचं चिन्हसुद्धा येत नव्हतं. नम लॉक दाबलं, दिवा लागला. मागे बघितलं तर मॉनिटरच्या वायरीसाठी दोन जागा. एक मदरबोर्डवर, एक खाली जादा कार्डावर, प्लास्टिकच्या टोपीने झाकलेली. वायर वरच्या जागी होती. खालच्या जागी लावली आणि चित्र आलं! पण कोपऱ्यातली तारीख बघितली तर कित्येक वर्षं मागची.

तारीख मागे गेली की समजायचं, मदरबोर्डवरचा बटन सेल संपला. सीआर २०३२ नावाचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. वीज नसताना घड्याळ आणि बायॉसमधली सेटिंग जपायचं काम तो करतो. या यंत्रात कुणीतरी "चित्र मदरबोर्डवरून दाखव" अशी सेटिंग करून वायर तिथे जोडलेली. सेल संपला. जोवर भिंतीतली वीज चालू तोवर सगळं ठीक. शनिवारी शाळा सुटताना मेन स्विच बंद केला, किंवा रात्री लाइट गेली, की सेटिंग पुसली जायची आणि यंत्र आपल्या मूळ मताप्रमाणे जादा कार्डाकडे जायचं. चित्र खाली, वायर वर. सोमवारी काळोख. शहरात हा दोष महिनोन् महिने लपून राहतो. आपल्याकडे लाइटच त्याला उघडं पाडते.

सेल बदलला. त्या जादा कार्डाचा पंखाही अडकत होता, म्हणून कार्डच काढून ठेवलं. आता चित्राचा दावेदार एकच. खर्च एका बटन सेलचा, पन्नास रुपयांच्या आत. तिन्ही यंत्रं बंद करून, मेन स्विच काढून, अर्ध्या तासाने परत चालू केली. तिन्ही आली.

हे सगळं इतकं सविस्तर का लिहिलं? आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. मलेरिया असेल, डेंग्यू असेल, टायफॉइड असेल. अंग गरम तिघांतही, औषध मात्र वेगळं. नुसता ताप बघून कुणी "हा गेला" असं लिहीत नाही. मग तीन यंत्रांची काळी स्क्रीन बघून रजिस्टरमध्ये "नादुरुस्त" कसं लिहितो आपण?

आणि यंत्राचा रक्ताचा रिपोर्ट तर फुकट असतो. प्रत्येक वेळी एक्स काय शोधलं, काय सापडलं, कुठे अडलं हे नोंदवहीत लिहितो. त्या नोंदीत कंसात दोन इंग्रजी ई असतील तर ती चूक, दोन डब्ल्यू असतील तर नुसती सूचना. पोरांना मी हेच शिकवलं. आधी दोन ई शोधा, आणि त्यातली सगळ्यात पहिली वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच झालेल्या असतात. सातवीतल्या एका मुलीने ती ओळ माझ्या आधी शोधली. इंग्रजी अडखळत वाचते, पण दोन ई ओळखायला इंग्रजी कुठे लागतं?

आपल्यातल्या जाणत्या पोरांसाठी क्रम लिहून ठेवतो. जपून ठेवा.

एक. नम लॉकचा दिवा बघा. लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे.

दोन. मागे वायरीच्या जागा किती आहेत ते बघा. दोन असतील तर दोन्हीकडे लावून बघा. वायरीच्या टोकाच्या पिनाही बघा. जुन्या निळ्या व्हीजीए वायरीत पंधरा पिनांच्या जागा असतात. त्यातल्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर आपली ओळख कॉम्प्युटरला सांगतो. त्यातली एक जरी वाकली तर कॉम्प्युटरला मॉनिटर कोणता ते कळत नाही आणि तो भलत्याच मापाचं चित्र पाठवू शकतो.

तीन. तारीख बघा. मागे गेली असेल तर आधी सेल बदला. बाकीचं नंतर.

चार. कंट्रोल, ऑल्ट, एफ-३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर या. तिथे एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीत सलग लिहा, एक जागा सोडा, मग एक आडवी रेघ आणि एन, एन, के. एंटर मारा. प्रत्येक कार्ड, त्याचा पत्ता, नंबर आणि ताबा कोणत्या ड्रायव्हरकडे आहे ते दिसेल. चित्राच्या कार्डापुढे चालू ड्रायव्हरची ओळच नसेल, तर अडचण तिथेच आहे.

पाच. एक्सची नोंदवही वाचा. पहिली दोन ईची ओळ मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मदत मागताना "चालत नाही" असं सांगू नका, ती ओळ दाखवा.

सहा. अक्षरांचा पडदाही येत नसेल, तर सुरुवातीच्या यादीत ई दाबून, जी ओळ लिनक्स शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द इंग्रजीत जोडा आणि एफ-१० दाबा. याने गाभा चित्राचा ताबा घेत नाही आणि बहुतेक वेळा साधं, जाडंभरडं चित्र येतं. पण लक्षात ठेवा, ही पॅरासिटामॉल आहे. ताप उतरतो, आजार तसाच राहतो. एवढ्यावर यंत्र सोडून जाऊ नका.

सात. कोणतीही फाइल पुसू नका, नाव बदला. आणि काय केलं ते वहीत लिहा. तुमच्यानंतर येणाऱ्याला लागेल.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सरांना मी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं नाहीत?" ते हसले. त्यांच्या शाळेत दोन शिक्षक. यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यांच्याच मोबाईलवर. कॉम्प्युटरचा डबा उघडायला हात लावावा तर तो रजिस्टरमधला, काही झालं तर जबाबदारी त्यांची. शहापूरहून माणूस बोलवावा तर येण्या-जाण्याचे आणि बघण्याचे पैसे आधी. पैसे कुठले? समग्र शिक्षा योजनेतलं शाळेचं अनुदान पटावर ठरतं. पट तीसच्या आत असेल तर वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यातच लाइट बिल, खडू, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. सांगा, त्या माणसाने काय करावं? त्याला निर्लेखन सोपं वाटलं तर नवल नाही. व्यवस्थेत निर्लेखनाचा रस्ता लिहून ठेवलाय, तपासणीचा नाही.

हे आजचं नाही. राज्यात आयसीटी योजनेत हायस्कुलांना बूट तत्त्वावर लॅब मिळाल्या. ठेकेदाराने यंत्रं आणायची, ठरलेली वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची. कराराची मुदत संपली की यंत्रं राहिली आणि चालवणारा माणूस गेला. मग २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या आणि कितीतरी खोल्या कुलपात गेल्या. उघडल्या तेव्हा बटन सेल संपलेले, तारखा मागे, स्क्रीन काळ्या. त्यातल्या किती खरंच मेल्या होत्या, याची मोजणी गावात कुणी केली?

याउलट आपल्याच तालुक्यातलं पष्टेपाडा बघा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड सरांनी डिजिटल शाळा उभी केली आणि तिचं नाव राज्यभर गेलं. लोक टॅबलेटचं आणि फळ्याचं कौतुक करतात. मला त्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळी. तिथे शिक्षकाने यंत्राला हात लावला आणि गाव पाठीशी उभं राहिलं. पुढे २०१५ च्या "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र"नंतर गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा झाल्या. वर्गणी आपण यंत्र आणायला दिली. यंत्र टिकवायला मात्र कुणी दिली नाही.

आणि नुकसान कुणाचं होतं? वर्गात चाळीस मुलं धरा. पाच यंत्रं असली तर एका यंत्रामागे आठ. आठ चालू असली तर पाच. आठ जणांत माऊस एक. मागे उभं कोण राहतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. लांबच्या पाड्यावरून चालत आलेलं पोर, आणि बहुतेक वेळा मुली. ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याचा हात आधी पुढे जातो, कारण त्याला भीती नसते. तीन यंत्रं चादरीखाली गेली की ही पोरं आणखी एक ओळ मागे जातात.

म्हणून माझं मागणं नव्या यंत्रांचं नाही. चार साध्या गोष्टी आहेत.

देणगी देणाऱ्यांना नम्रपणे सांगूया, की यंत्रं दोन दिवस आधी आणा. मेन स्विच बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी सुरू करून दाखवा. सगळ्यांचे सेल नवे टाका. जादा कार्ड लागत नसेल तर काढून द्या. आणि प्रत्येक यंत्रासोबत एक पान मराठीत द्या. कार्ड कोणतं, ड्रायव्हर कोणता, बायॉसमध्ये काय सेटिंग, वायर कुठे. फोटोच्या फ्लेक्सपेक्षा हे पान स्वस्त पडतं.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार तिला आहे. त्या आराखड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची एक ओळ टाका. रक्कम लहान का असेना, ओळ असू दे. ओळ असली की पुढच्या वर्षी विचारता येतं.

तिसरं, निर्लेखनाआधी तपासणी. प्रस्तावाला एक कागद जोडलाच पाहिजे असा ठराव समितीने करावा. नम लॉक बघितलं का, सेल बदलला का, दुसरी जागा बघितली का, नोंदवहीतली पहिली चूक कोणती. चार ओळी. ज्याला हे माहीत नाही त्यालाही भरता येतील. खरंच मेलेलं यंत्र असेल तर ते रीतसर ई-कचऱ्यात जाऊ दे, त्यालाही नियम आहेत. जिवंत यंत्र जाता कामा नये.

चौथं, माणसं आपल्यातच आहेत. आयटीआयमध्ये कोपा केलेली, कल्याण-भिवंडीला हार्डवेअरचं काम करणारी, कंपनीत आयटी सपोर्टला असलेली पोरं आपल्या प्रत्येक दोन-तीन गावांत एक तरी आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, उंबरमाळी, कसारा, तिकडे मुरबाड, टोकावडे. महिन्यातला एक रविवार, एक शाळा. सरांना मी हेच म्हणालो, की तुम्ही फक्त लेखी परवानगी द्या, डबा उघडायची. त्यांनी समितीच्या सभेत ठराव घेतला, पालकांच्या समोर. आता त्या शाळेच्या वहीत पहिल्या पानावर तिन्ही यंत्रांचे नंबर, दोष आणि उपाय लिहिलेत. दुसरं पान सातवीच्या पोरांनी भरलंय. एका यंत्राचा माऊस चालत नव्हता, त्यांनी वायर बदलून बघितली आणि "दोष वायरीचा, माऊस बरा" असं लिहिलं.

मुंबईला आपण पाणी देतो, त्याचा हिशोब कधी होईल तो होवो. मुंबईहून जे आपल्याकडे येतं ते न तपासता भंगारात घालणं तरी आपल्या हातात आहे ना थांबवणं?

तुमच्या गावच्या शाळेत चादरीखाली यंत्रं असतील तर उद्याच जाऊन एकदा नम लॉक दाबून बघा. दिवा लागला तर सरांशी बोला, समितीशी बोला, आणि ही पोस्ट त्यांना दाखवा. पटलं तर पुढे पाठवा.